गाडा मागे फिरला

"बाटली खाली ठेव. ठेवलीस? आता लांब हो. आणखी लांब."

मी लांब झाले.

धर्मादाय दवाखाना होता तो. शुक्रवार पेठेतला, देवस्थानच्या पंचांनी काढलेला. सोलापुरात पटकीची साथ आली तेव्हा पंचांनी आधी होम केला, मग देवाला पाण्यात कोंडलं, आणि तरीही माणसं मरायची थांबेनात तेव्हा धर्मशाळेच्या ओट्यावर एक कंपाउंडर आणून बसवला. औषध फुकट, सगळ्यांना. 'सगळ्यांना' हा शब्द मी तेव्हापासून फार जपून ऐकते.

बाकीच्यांच्या बाटल्या कंपाउंडर हातात घेत होता. नरसाळं लावायचा, भरायचा, बूच घट्ट करायचा आणि किती वेळाने किती घ्यायचं ते समजावून सांगायचा. माझी बाटली खाली धुळीत उभी. तिला नरसाळं नाही. कारण नरसाळं बाटलीला टेकतं आणि बाटली महाराची. त्याने ओट्यावरून, उभ्यानेच, धार सोडली. बाटलीचं तोंड केवढंसं. थोडं आत गेलं. बाकीचं बाटलीच्या अंगावरून मातीत.

"सांडलं की वो सगळं," मी म्हणाले. "आजून थोडं द्या. माजी आय लई आजारी हाय."

"मिळालं ना? चल. फुकटचं आहे म्हणून आंघोळ करणार का त्याने?"

रांगेतली माणसं हसली. त्यांच्याही घरात कुणी ना कुणी पडलेलं होतं. डोळे रडून सुजलेले होते. तरी हसली. घरात मरण बसलेलं असतानाही माणसाला हसू येतं, समोर आपल्यापेक्षा खालचं कुणीतरी लागतं एवढंच.

खाली औषधाने माती भिजली होती. ती माती उकरून फडक्यात बांधून न्यावी, पिळून आईच्या तोंडात घालावी, असं मनात आलं. सगळे बघत होते. मी नुसती बाटली उचलली.

तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. अण्णा म्हणजे पंचांतले मुख्य. पेठेत कापडाचं मोठं दुकान, कपाळाला भस्म, आवाज गोड. दवाखान्यावर देखरेख करायला तेच बसत.

"भिवाची पोर ना तू? बापाला सांग, आज दुपारी गाडा निघणार. अंघोळ करून तयार राहा म्हणावं."

"अण्णा, आयला पटकी झालीया. सकाळधरनं हातपाय गार पडल्यात."

"अगं, म्हणून तर गाडा. देवी गेली की आजार गेलाच. देवीचं काम आधी. सांग त्याला."

गाडा म्हणजे मरीआईचा. तो काय असतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पटकी आली म्हणजे मरीआई कोपली, असं सगळी पेठ धरून चालते. मग लाकडाचा गाडा करायचा. त्यात मरीआईची मूर्ती बसवायची. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, लिंबं, कडुनिंबाचे डहाळे, समोर दहीभाताचं परातभर जेवण. हलगी वाजवत तो गाडा पेठेतून काढायचा. पेठेच्या हद्दीपर्यंत पेठेची माणसं ओढतात. हद्दीवर महारवाडा. तिथे ती दोर खाली टाकतात आणि महार दोर उचलतो. आमच्या गल्लीतून, आमच्या दारांवरून, नाल्यापलीकडे नेऊन सोडतो. मागे वळून बघायचं नाही. आणि गाडा कधीही मागे फिरवायचा नाही. मागे फिरला तर देवी परत आली, रोग परत आला.

म्हणजे पेठेतला रोग गाड्यात घालायचा आणि आमच्या दारात आणून टाकायचा. वर परातभर भात. तो भात आमचा हक्क. हा दोर ओढण्याचा मान आमच्या घराण्याकडे होता. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचा अभिमान होता. एरवी पेठेतून जाताना जे आबा अंग चोरून भिंतीकडेने चालत, ते त्या एका दिवशी रस्त्याच्या मधून चालत. मीही लहानपणी त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघत असे. आमच्या आबांना सगळी पेठ हात जोडते! कोण हात जोडतंय आणि का, हे बघायची अक्कल तेव्हा नव्हती.

घरी आले तर आई भिंतीला पाठ लावून बसली होती, कारण आडवं झालं की ओकारी येत होती. पहाटे तिने भाकरी केली होती, खरं सांगते, मी खाल्ली होती. आणि आता तिचे डोळे खोल गेलेले, गाल आत गेलेले, बोटांची कातडी धुणं धुऊन उठल्यासारखी सुरकुतलेली. आवाज बसला होता. ओठ हलायचे, शब्द नाही. फक्त 'पाणी' एवढं समजायचं. पाणी दिलं की बाहेर.

पाण्याचंच तर सगळं होतं. म्युनिसिपालटीच्या माणसाने पेठेतल्या विहिरींत लाल औषध टाकलं होतं. आमच्या विहिरीकडे तो आलाच नाही. आमची विहीर नाल्याच्या कडेला, पेठेची सगळी घाण त्या नाल्यातून वाहायची. काशीमावशी, आमची शेजारीण, त्या माणसाला रस्त्यात गाठून म्हणाली होती, "बाबा, आमच्याबी हिरीत टाक की चिमूटभर." तो म्हणाला, "टाकतो उद्या." उद्या आमच्या गल्लीत प्रेतं निघायला लागली.

मी बाटलीतलं औषध आईला पाजलं. घोटभरच होतं. ते ओकून पडलं. बाटली रिकामी झाली.

काशीमावशी आईचा हात हातात घेऊन बसली होती. ती आबांना म्हणाली, "भिवा, हितं ठिवू नगंस तिला. मोठ्या दवाखान्यात ने. तितं शिरंत मिठाचं पानी सोडत्यात. माजा भाचा त्येनंच उठून बसला. येळ घालवू नगंस."

मोठा दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आई चालणं तर सोडाच, मान धरू शकत नव्हती. आबा टांगा बघायला पळाले. मीही पाठोपाठ. एका टांगेवाल्याने पटकी म्हटल्यावर घोडा पुढे काढला. दुसरा म्हातारा होता, मुसलमान, आबांना ओळखत होता. तो खाली उतरून म्हणाला, "भिवा, मेरेकू बी बालबच्चे हैं रे. तेरी घरवाली कू बिठाया, तो कल पेठ का कौन बैठेगा मेरे टांगे में? माफ कर." आणि खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचं मी काय करू? बैलगाडीवाल्यांनी तर उत्तरही दिलं नाही. मिशनच्या दवाखान्यात आमची माणसं घेत, पण साथीत तिथे जागा राहिली नव्हती आणि फाटकावरचा माणूस आधी विचारी, बाप्तिस्मा झालाय का? देव कुठलाही असो, दारावर माणूस ठेवलेलाच.

पाठीवर घेऊ, असं ठरवून आबा घरी परतले. आईला पाठीवर घेतलंही. तिची मान लटकली, पोटातलं सगळं आबांच्या मानेवरून खाली आलं आणि ती पाठीवरून घसरली. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. आबा खाली बसले. माणूस दमून बसतो तसे नाही. आता काय करायचं ते संपलं म्हणून बसतो तसे.

आणि हलगी ऐकू आली.

गाडा आला होता. दर वेळेपेक्षा मोठा. गेल्या साथीला लहान गाडा केला म्हणून देवीचं मन भरलं नाही, असं कुणीतरी अंगात येऊन सांगितलं होतं. म्हणून पंचांनी यंदा सुताराकडून खाटेएवढा गाडा करून घेतला होता, चार चाकांचा, नवाकोरा, हळदीने पिवळा. मागे पेठेची माणसं. बायका पदर पसरून उभ्या. गल्लीच्या तोंडाशी गाडा थांबला. दोर मातीत टाकला. सगळे मागे सरले आणि आबांची वाट बघत हात जोडून उभे राहिले.

आबा गेले. मी गेले. आईला काशीमावशीने दारात आणून आडवी केली होती, वारा लागावा म्हणून. गाड्यापासून ती सगळ्यांना दिसत होती. अण्णांनाही.

"मालक," आबा म्हणाले. जमिनीला हात लावला. "बायकू जायला लागलीया. मोट्या दवाखान्यात न्यायची हाय. आजच्या दिस दुसऱ्या कुनाला सांगा."

"दुसरं कोण ओढणार? हक्क तुझ्या घरचा. अरे, देवी दारात येऊन उभी आहे. आधी तिला पोचव. तिला अडवून ठेवलीस तर तुझी बायको वाचेल का? पेठेत लेकरं पडलीत भिवा. आमच्या लेकरांचा तरी विचार कर."

आमची लेकरं म्हणताना अण्णांचा आवाज भरून आला. खोटं नव्हतं ते. त्यांचा नातू दोन दिवसांपूर्वीच गेला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, ह्यांना कळेल. ज्याचं माणूस गेलंय त्याला कळतं. त्यांनी एकदा आईकडे बघितलं आणि नजर परत देवीवर नेली.

आबांनी दोर उचलला.

हे मला सांगताना आजही जड जातं. मला वाटलं होतं ते दोर टाकतील. त्यांनी उचलला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हात दोराला गाठ मारत होते. त्यांचा बाप, आजा, सगळ्यांनी मारलेली गाठ. नाल्यापलीकडे जाऊन यायचं, मग अंघोळ करायची, मग घरी. तोवर आई राहिली नसती. हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. अण्णांना माहीत होतं. हलगी वाजवणाऱ्यालाही माहीत होतं, त्याने हात आवरता घेतला होता.

मी गाड्यावर चढले.

मी काही ठरवलं नव्हतं. मी शूर वगैरे नव्हते. मी मरीआईला दोन्ही हातांनी धरलं. लाकडाची होती, हलकी. इतकी हलकी देवी इतकी माणसं मारते, हे मला त्या क्षणी खरं वाटेना. तिला उचलून खाली उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाचं झाड होतं त्याच्या बुडाला ठेवलं. दहीभाताची परात उतरवून तिच्यापुढे ठेवली. माझं वय तेव्हा जेमतेम परकर नेसायचं.

कुणी ओरडलं नाही.

"पोरी," आबा म्हणाले, "काय केलंस ह्ये?"

"आयला ठिवा," मी म्हणाले.

आबांनी दोर खाली ठेवला. मग घराकडे गेले, आईला उचलून आणलं आणि गाड्यात निजवलं. मूर्ती उचलताना देवीचं हिरवं लुगडं सुटून गाड्यातच राहिलं होतं. काशीमावशीने ते आईच्या अंगावर घातलं. मी मागून धक्का दिला, आबांनी पुढून दोर ओढला आणि गाडा वळवला. मागे. पेठेकडे.

तेव्हा मात्र सगळे ओरडले. पण अडवलं कुणीच नाही. कसे अडवणार? गाड्याला हात लावला तर रोग लागतो. आम्हाला हात लावला तर विटाळ होतो. गर्दी आपोआप फाटत गेली. जन्मभर ज्या विटाळाने आमचा रस्ता अडवला त्यानेच त्या दिवशी रस्ता मोकळा करून दिला. मला हसूसुद्धा आलं असतं, पण गाड्याच्या कठड्यावर आईचं डोकं आपटत होतं आणि मी एका हाताने ते धरत, एका हाताने गाडा ढकलत होते.

भवानी पेठेतून जात होतो. विणकरांच्या घरांत माग थांबलेले. एका दारात तेलुगू बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तिने गाडा बघितला आणि किंचाळली, "अय्यो! अम्मोरु वेनक्कि वच्चिंदि!" देवी परत आली. तिने आधी लेकराचे डोळे झाकले आणि मग स्वतः डोळे मिटून हात जोडले. तिच्या शेजारणीने जोडले. समोरच्या म्हाताऱ्याने पागोटं काढलं. गाडा हळदीचा, डहाळे लावलेले, आत हिरव्या लुगड्यातली बाई, डोळे खोल गेलेले, हातात हिरव्या बांगड्या. माझ्या आईला ते मरीआई समजले. आख्खी गल्ली. कुणी कुंकू टाकलं. कुणी म्हणालं, "माय, आमचं घर सोड." जिच्या सावलीला ही माणसं बाजूला सरत, तिच्यापुढे ती वाकली.

माझी आई पाणी मागत होती. ओठ हलत होते. ते कुणाला दिसलं नाही. हात जोडणाऱ्यांतल्या एकानेही पाणी दिलं नाही. देवीला पाणी कोण देतं?

मग मागून पेठेची माणसं ओरडत आली, "महारीण आहे ती! महारीण आहे!" आणि जोडलेले हात सुटले. पहिला दगड म्हाताऱ्याचाच आला असावा. तो चाकाला लागला. दुसरा आबांच्या खांद्याला. दोर सुटला नाही. आबा ओढत राहिले. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर दगड थांबले, कारण तिथे कुणी आम्हाला ओळखत नव्हतं आणि ज्याला जिवाची भीती तो लांब पळत होता.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा आई जिवंत होती. हे मी मुद्दाम सांगते. आम्ही तिला जिवंत पोचवली होती.

समोरच्या बाजूला गोऱ्या अधिकाऱ्यांची खोली. साथीतही रिकामी, खाटांवर पांढऱ्या चादरी ताणलेल्या. तिच्या पलीकडे वरच्या लोकांचा हॉल, त्यापुढे मुसलमानांचा. आम्हाला बोट दाखवलं ते मागच्या बाजूला. तिथे पत्र्याची शेड. आत जमिनीवर गोणपाटं, गोणपाटांवर आमच्यासारखी माणसं. काही अजून माणसं होती, काहींना उचलायला कुणी आलं नव्हतं. आईला आम्हीच उतरवलं.

डॉक्टर आला. तरुण होता, चष्म्याचा, डोळे जागरणाने लाल. राक्षस नव्हता. त्याने आईकडे बघितलं आणि लगेच बरोबरच्या माणसाला मिठाच्या पाण्याची बाटली आणायला लावली. बाटली आली, रबराची नळी आली, सुई आली. मी देवाचं नाव घेतलं. मघाशीच देवी उचलून झाडाखाली ठेवली होती, तरी घेतलं. जीव अडला की तोंड ऐकत नाही.

"ए मुली, तिचा हात पुढे कर. असा नाही, उलटा. फडकं बांध दंडाला. घट्ट."

मी बांधलं.

"आता सरळ धरून ठेव."

मी धरला. तो वाकला. नुसती सुई पुढे करून वाकला, दुसरा हात पाठीमागे. आईच्या हातावर कुठे शीर दिसते का बघत होता. दिसत नव्हती. पटकीत शिरा आत बसतात. त्याने सुई टोचली, काढली. पुन्हा टोचली, काढली. आईच्या हातातून रक्तही येईना.

"शीर सापडत नाही," तो त्याच्या माणसाला म्हणाला.

आबा त्याच्या पायांशी बसले होते. ते म्हणाले, "सायेब, जरा दाबून बगा की वो. हातानं चाचपून बगा."

डॉक्टरचा पाठीमागचा हात हलला. पुढे येईल असं मला वाटलं. खरंच वाटलं. त्याचा माणूस त्याच्याकडे बघत होता, दारातला पहारेकरी बघत होता. हात परत मागे गेला.

"आता दाबून उपयोग नाही. उशीर झालाय," तो म्हणाला आणि गेला. बाटली परत नेली. ती दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडणार होती.

कुणाला, तेही मी बघितलं. शेडच्या दारातून समोरच्या हॉलची खिडकी दिसायची. तोच डॉक्टर. एका माणसाच्या खाटेच्या काठावर बसलेला. त्याचा हात स्वतःच्या मांडीवर घेतलेला. दोन बोटांनी कोपरापाशी दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. घाई नव्हती. त्या माणसाचेही डोळे आईसारखेच खोल गेलेले होते. बराच वेळ दाबल्यावर डॉक्टरच्या तोंडावर जरा बरं वाटलेलं दिसलं. त्याने सुई घातली. बाटली टांगली.

सापडत होती शीर. हात लावला की सापडत होती.

मी मागे वळले तेव्हा आबा पागोट्याचं टोक मडक्यात भिजवून आईच्या ओठांवर पिळत होते. ऊन कलायला लागलं तेव्हा तिने पाणी मागायचं थांबवलं. मला वाटलं झोप लागली. आबा पिळत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही. मला रडू येत नव्हतं. मी नुसती त्या खिडकीकडे बघत होते आणि मला त्या खाटेवरच्या अनोळखी माणसाचा राग येत होता, बिचाऱ्याने काहीही केलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. महारवाड्यात ते स्वतः आले, हेच केवढं. कडुनिंबाच्या झाडापासून लांब उभे राहिले. झाडाखाली मरीआई तशीच बसलेली, उघडी, लुगडं आईबरोबर मातीत गेलं होतं. परातीतला भात आंबला होता. वस्तीतल्या एकाही माणसाने त्याला हात लावला नव्हता. त्या भाताची आम्हाला वर्षानुवर्षं सवय, पण त्या दिवशी कुत्रीसुद्धा हाकलली.

"भिवा," अण्णा म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण देवी अशी रस्त्यात ठेवून चालत नाही. उठ. तेवढी नाल्यापलीकडे पोचव. पेठ तुला माफ करायला तयार आहे."

आबा उठले.

उठले. काल बायको गेलेली. खांद्यावर दगडाची जखम. त्यांनी पागोटं बांधायला घेतलं. दवाखान्यातल्या शेडमध्ये फुटलं नाही ते माझं रडू तेव्हा फुटलं. आईच्या मरणापेक्षाही ते पागोटं बांधणं मला सोसलं नाही. मी दारात आडवी उभी राहिले.

"आबा जानार न्हाईत."

"तू बाजूला हो. थोरांच्या बोलण्यात बोलू नये."

"न्हाय जानार. देवी तुमची हाय. तुमी उचला."

"तुम्ही शिवलेली आहे ती. आम्ही कसे उचलणार?"

"मग बसू द्या तिला हितंच. आमच्यात. आमच्यातली झाली ती आता. तिलाबी मग दवाखान्यात कुनी शिवनार न्हाय."

अण्णांचं तोंड बदललं. गोड आवाज गेला. म्हणाले, साथ वाढली तर तुमच्या माथी. म्हणाले, बघतो. त्यांनी बघितलं. संध्याकाळी माणसं आली आणि आबांना लाठ्यांनी मारलं. लाठीला विटाळ होत नसावा. आबांचा उजवा हात कोपरात मोडला तो कधी सरळ झाला नाही. त्यांनी पुन्हा दोर ओढला नाही. त्याला बंड म्हणायचं असेल तर म्हणा. हात मोडला होता. माझे आबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की देवी उतरवायला नको होती, त्यामुळेच तुझी आई गेली. मी त्यांच्याशी भांडले, रडले, समजावलं. त्यांच्या मनातून ते निघालं नाही. मार खाल्लेल्या माणसाला मारणाऱ्याचंच खरं वाटतं, आणि त्याला मी काही करू शकले नाही.

साथ यायची ती आली, जायची ती गेली. अण्णांच्या दवाखान्याचं गावात कौतुक झालं. पंचांना हार घातले. आमची विहीर तशीच राहिली. पुढच्या साथीला पेठेने दुसरा गाडा केला, पण महारवाड्यातून एकही माणूस दोर उचलायला गेला नाही. काशीमावशीने आपल्या जावयाला सरळ सांगितलं, जाशील तर माझ्या दारात परत येऊ नकोस. गाडा पेठेच्या हद्दीवरच उभा राहिला. पेठेतली माणसं त्याच्याकडे खिडकीतून बघत बसली.

आता मी गिरणीत जाते, सूतखात्यात. आबा गेले. दवाखान्यात आजही आमच्यासाठी मागची शेड आहे आणि डॉक्टर आजही लांबून बघतात. एका पोरीने देवी झाडाखाली ठेवल्याने जग काही बदललं नाही, हे मला चांगलं कळतं. तापाची साथ आली, देवीच्या रोगाची आली, मी माणसं नेली. त्यातली किती माझ्या हातात गेली ते मला विचारू नका.

पण वस्तीत कुणी आजारी पडलं की मला बोलावतात. मी गिरणीचा खाडा करते आणि त्या माणसाला पुढच्या दाराने आत नेते. भर दिवसा. पहारेकरी शिव्या देतो, देऊ दे. आणि डॉक्टर आला, हात पाठीमागे घेऊन वाकायला लागला, की मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहते.

"हात लावून बगा," मी म्हणते.

तो चिडतो. माणसं बोलावतो. परवा मला दंडाला धरून बाहेर ओढलं. मी पुन्हा आत गेले. उद्याही जाणार आहे. हात लावून बगा. लावल्याबिगर मी हितनं हलनार न्हाय.